हार्ड डिस्कमधलं मंगलाष्टक

माझं काम चुका शोधण्याचं. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम वापरून बघायचे, ते कुठे मोडतात ते हुडकायचं आणि मोडले की सविस्तर लिहून कळवायचं, एवढ्यासाठी माधापूरच्या एका कंपनीने मला बरीच वर्षं पगार दिला. नातेवाइकांना हे काम कधी कळलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांना सोप्यात सांगायचे, "पेपर तपासतो. पोरांचे नाही, मशिनीचे." या कामामुळे मला एक खोड लागली. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ती तपासायची. गॅसची नळी, रेल्वेचं तिकीट, डॉक्टरने लिहून दिलेली चिठ्ठी, सगळं. घरात त्यावरून माझी टिंगल व्हायची आणि खरं सांगायचं तर मला ती आवडायची. आता त्या खोडीचा मला राग येतो. का येतो, ते एकदा सांगून टाकावं म्हणून हे लिहितोय.

आमचं घर सिकंदराबादेजवळ, विद्यानगरला. अण्णा तारनाक्याच्या बाजूला रेल्वेच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या लहानपणी शाळा उर्दूतून होती, त्यामुळे त्यांचा हात उर्दूवर बसलेला. घरात मराठी, भाजीवालीशी तेलुगू, सुलतान बाजारातल्या कापडवाल्याशी दखनी, आणि घाईघाईत काही टिपून ठेवायचं असलं की अक्षरं उर्दू. भाषा मराठीच, पण लिपी उर्दू. साबुदाणा, शेंगदाणे, वरईचे तांदूळ अशी आषाढीची यादी ते उजवीकडून डावीकडे लिहून काढायचे. आम्हां दोघा भावंडांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. शिकावं असं कधी वाटलंही नाही. आम्ही इंग्रजीच्या मागे धावत होतो आणि पुढे नोकऱ्याही तिनेच दिल्या.

अण्णा फार बोलायचे. संध्याकाळी ते गल्लीच्या तोंडाशी आले की आई चहा टाकायची, कारण आवाज आधी घरी पोचायचा. रागावले तरी सगळ्या गल्लीला कळायचं आणि लाडात आले तरी. पण त्यांच्या आवाजाची खरी मागणी असायची लग्नसराईत. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी अण्णांना निरोप यायचा, "तुमचं मंगलाष्टक पाहिजे." ते प्रत्येक लग्नाला नवं रचायचे. आठ दिवस गच्चीवर फेऱ्या मारत पुटपुटायचे, कागदाच्या चिटोऱ्यावर उर्दूत दोन शब्द टिपायचे, आणि लग्नाच्या दिवशी सगळं तोंडपाठ. पहिली कडवी नेहमीच्या चालीत असायची, जी कोणालाही म्हणता येते. शेवटचं कडवं मात्र त्यांच्या स्वतःच्या चालीत, आणि ती चाल दर लग्नाला वेगळी. त्या कडव्याला मांडवातल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. माझी धाकटी बहीण लहानपणापासून त्यांच्यामागे लागलेली, "माझ्या लग्नात सगळ्यांत लांब म्हणायचं." ते म्हणायचे, "तुझ्यासाठी मुहूर्त टळला तरी चालंल."

धाकटीचं लग्न ठरलं तो मुलगा पुण्याचा. त्याचे आईवडील मुलाच्या नोकरीपायी पुण्याहून इकडे येऊन राहिलेले. दोघांची ऑफिसं शेजारशेजारच्या काचेच्या इमारतींत होती, आणि जमलं ते दोघांनीच जमवलं होतं. आम्ही फक्त हो म्हटलं. त्याची आई सरळ मनाची बाई, पण आमचं मराठी ऐकून तिला हसू आवरायचं नाही. अण्णा "हौ" म्हणाले की ती तोंडावर हात धरायची. अण्णांनाही चेव यायचा आणि ते मुद्दाम दर वाक्यात एक "नक्को" घालायचे. लग्न मार्गशीर्षात धरलं.

श्रावणात अण्णांचा आवाज बसला. सर्दी, मग खोकला, मग हळद-दूध, मग गुळण्या. महिनाभराने आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ आहे, ती वाईट आहे, आणि जीव वाचवायचा तर स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. नंतर श्वास नाकातोंडातून नाही, गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा. बोलणं बंद.

अण्णांनी विचारलं, "मार्गशीर्षापर्यंत थांबता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस. त्यापुढे एक दिवस नाही."

चातुर्मास चालू होता. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आमच्याकडे मुहूर्त नसतात. मुलाकडच्यांनी चांगुलपणाने सुचवलं की आत्ता कचेरीत जाऊन सही करू, नंतर सावकाश समारंभ करू. अण्णांनी हात जोडले आणि नको म्हणाले. "माझ्या गळ्यापायी पोरीचं लग्न चोरासारखं करायचं नाही." बसक्या आवाजातलं ते वाक्य ऐकून मुलाची आई हसली नाही.

मग मीच तोडगा काढला. माझ्याकडे नवा लॅपटॉप होता, एका सहकाऱ्याने परदेशातून आणून दिलेला. म्हटलं, अण्णा, तुम्ही मंगलाष्टक रचून ठेवा, मी ते यात भरून घेतो. लग्नात मोठ्या स्पीकरवर लावू. त्यांनी लॅपटॉपचं झाकण एकदा उघडून मिटून बघितलं. नंतर विचारलं, "सावधान म्हणायची वेळ त्याला कशी कळंल?" मी म्हणालो, "बटण माझ्या हातात असेल." ते त्यांना पटलं.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. धाकटीने लग्नाआधी ते ऐकायचं नाही अशी त्यांची अट होती, म्हणून तिला कामावर पाठवलं. आई शेजाऱ्यांकडे जाऊन बसली, तिला ऐकवणार नव्हतं. घरात आम्ही दोघंच. खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला, फ्रिजची पिनसुद्धा काढली. अण्णांनी अंगात धुतलेला सदरा घातला होता आणि उभं राहून म्हणणार असं सांगितलं. बसून कुणी मंगलाष्टक म्हणतं का?

त्यांचा आवाज फाटत होता. पण ते थांबत, पाण्याचा घोट घेत, आणि ते कडवं पुन्हा पहिल्यापासून म्हणत. आणि मी काय करत होतो? पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या खालीवर होत होत्या, त्या लाल होऊ नयेत म्हणून मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो. ऐकत नव्हतो असं नाही. पण कान देऊन ऐकलं नाही, कारण आता ते माझ्याकडे कायमचंच आहे, सावकाश ऐकू, अशी माझी खात्री होती. शेवटच्या कडव्याचा अर्थ तेवढा माझ्या कानात शिरला. नळाला पाणी आलं की या घरात आधी तुझ्या नावाची हाक जाते. तू गेल्यावरही काही दिवस ती चुकून जाईलच. पोरी, तिला तू ओ देऊ नकोस. आमच्याकडे नळ एक दिवसाआड यायचा, आणि हंडे-बादल्या भरायला धाकटीलाच उठवायचे अण्णा. एक माणूस उद्यापासून कुणालाच हाक मारू शकणार नाही, आणि तो हाकेवर कडवं रचतो, हे मला त्या दुपारी कळलं नाही. मी म्हणालो, "मस्त झालं, अण्णा. लेव्हल एकदम बरोबर आलीय."

शस्त्रक्रिया नीट झाली. जीव वाचला. तीन आठवड्यांनी ते घरी आले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. आईने जुन्या मलमलीच्या साडीचे तुकडे शिवून गळ्यावर बांधायला रुमाल केले. धाकटीने त्यांना वह्या-पेनं आणली, पण वही त्यांना आवडेना. एवढ्या-तेवढ्यासाठी कागद फुकट घालवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. शेवटी त्यांनी सुलतान बाजारातून शाळकरी पोरांची पाटी आणायला लावली. पाटीवर खडूने लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. घाई असली की उर्दू उमटायचं, आम्ही माना हलवायचो, मग चिडून पुसून देवनागरीत. तोवर बोलणं पुढे निघून गेलेलं असायचं. आम्ही तिघं जेवताना एकमेकांशी बोलत असू, आणि ते पाटी उचलून धरून बसलेले असत. कुणाची नजर गेली तर गेली.

दिवाळीनंतर आमच्या घरात फक्त लग्न होतं. त्या आवाजाची सीडी करून ठेवायची असं मी रोज म्हणत होतो. फाइल मोठी होती, फोनच्या तारेवर चालणाऱ्या तेव्हाच्या मंद इंटरनेटवरून ती कुठे पाठवायची सोय नव्हती, म्हणून सीडी. करू की रविवारी. मग पुढच्या रविवारी. पाहुण्यांच्या गाड्या, हॉलवाला, केळीचे खांब, असं काहीतरी निघायचंच.

लग्नाला बारा दिवस उरले होते. रविवारची सकाळ, साडेदहा-अकराचा सुमार. सीडी करायचीच म्हणून मी लॅपटॉप उघडला तर तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागली. फोल्डर उघडायला गेलो की मध्येच थिजायचा. आतून बारीक टक् असा आवाज यायचा आणि थांबायचा. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मला मात्र काम मिळालं. हार्ड डिस्कची तब्येत सांगणारा एक छोटा प्रोग्राम असतो, तो मी चालवला. डिस्क स्वतःच आपल्या आजारपणाची नोंद ठेवते, किती जागा खराब झाल्या, किती वेळा वाचताना अडखळली. तो ती नोंद वाचून हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका दाखवतो. पिवळा आला. म्हणजे डिस्क अजून चालतेय, पण तिचं काही खरं नाही.

इथे थांबायला हवं होतं. ती एक फाइल मला दिसत होती. माझ्या खिशात पेनड्राइव्ह होता. तीन-चार मिनिटांचं काम.

पण पिवळा म्हणजे नक्की किती पिवळा, हे मला कळायला हवं होतं. कुठल्या जागा खराब आहेत, त्या वाढतायत का, आपली फाइल चांगल्या भागात आहे की वाईट, हे सगळं आधी कागदावर आलं पाहिजे आणि मग कामाला हात, ही माझी शिस्त. म्हणून मी पूर्ण तपासणी लावली. तिच्यात डिस्कचा कानाकोपरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचला जातो. थकलेल्या डिस्कला ते काम म्हणजे आजारी माणसाला गच्चीपर्यंत चढउतार करायला लावण्यासारखं. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. कुठेतरी वाचलं होतं. पण तेव्हा मी तपासत होतो, आणि तपासताना मला दुसरं काही सुचत नाही.

अण्णा पलंगावरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी त्यांना सांगितलं, "डिस्क जरा आजारी दिसतेय. चेक करतोय." पाटीवर खडू कुरकुरला. त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. उर्दू. मी म्हटलं, "मराठीत लिहा ना, अण्णा," आणि पुन्हा पडद्याकडे वळलो. पट्टी हळूहळू भरत होती. मागे पुन्हा खडूचा आवाज. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी न बघता म्हणालो, "एक मिनिट थांबा की जरा." त्यांनी पुन्हा खांदा हलवला, या वेळी जोरात. मी खेकसलो. हो, खेकसलो. "अण्णा, काम करायलोय मी! मध्ये मध्ये नका करू."

ते सरकले. पाटी त्यांनी लॅपटॉपच्या शेजारी, टेबलावर उभी करून ठेवली, आणि पलंगावर जाऊन बसले.

अर्ध्या तासाने टक् टक् असा आवाज सुरू झाला आणि थांबेना. पट्टी गोठली. पडदा निळा झाला, मग काळा. मी बंद करून पुन्हा चालू केला. डिस्क सापडत नाही, अशी एक ओळ आली. मी मान वळवली आणि शेजारची पाटी वाचली. मोठ्या, सावकाश काढलेल्या देवनागरी अक्षरांत होतं, "आधी माझं गाणं काढून घे. मग तपासत बस."

त्यांना आवाज असता तर हे वाक्य सगळ्या गल्लीने ऐकलं असतं. मी निमूट उठून तसं केलं असतं, कारण अण्णांच्या ओरडण्यापुढे माझी शिस्त कधी टिकलेली नव्हती. पाटीला ओरडता येत नाही. ती वाचायला दुसऱ्याने मान वळवावी लागते, आणि मी ती वळवली नाही. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळं तिच्यानंतरचं.

तसाच उठून मी स्कूटर काढली आणि सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. रविवारी एकच दुकान उघडं होतं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने डिस्क कानाशी धरली, हलवली, जोडून बघितली, आणि परत माझ्या हातात दिली.

"हेड बैठ गया साब. पलेट पे लकीरां आ गये."

म्हणजे वाचणारी सुई तबकडीवर टेकून चरे पडले होते. मी त्याला सगळं सांगितलं. पिवळा ठिपका, पूर्ण तपासणी.

"पैले कापी करना था ना. चेकिंग कायकू करे?" थोड्या वेळाने त्याने विचारलं, "क्या था उसमें?"

"वालिद की आवाज," मी म्हणालो.

तो म्हणाला, "तो वालिद से फिर बुलवा लेना," आणि मग त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर गेली. त्याने डिस्क परत मागून घेतली, आणखी तासभर खटपट केली, एक पैसा घेतला नाही. नंतर मी ती चेन्नईला एका मोठ्या प्रयोगशाळेतही पाठवली. त्यांनी आठवड्याने कळवलं की पृष्ठभाग खरवडला गेला आहे, काही निघणार नाही.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. शब्द फिरवले नाहीत, तेवढं तरी केलं. ते खिडकीशी बसले होते. त्यांनी पाटी घेतली, खडू घेतला. मग न लिहिताच पाटी बाजूला ठेवली. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मला काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनीच उठून कामाला सुरुवात केली. सगळी कडवी त्यांनी देवनागरीत लिहून काढली, ओळीखाली ओळ, आणि कागद माझ्यापुढे ठेवून माझ्या छातीवर बोट टेकवलं. म्हणजे तू म्हणायचं. मी म्हणालो, मला कुठे गाता येतं? त्यांनी पुन्हा बोट टेकवलं.

पहिली कडवी नेहमीच्या चालीत, ती बसली. शेवटच्या कडव्याची चाल फक्त दोन माणसांनी ऐकलेली होती. एकाला ती येत होती पण त्याला आवाज नव्हता, आणि दुसरा त्या वेळी हिरव्या पट्ट्या बघत होता. अण्णा हात वरखाली करून दाखवायचे, इथे सूर चढतो, इथे उतरतो. मांडीवर ठेका धरायचे. मी म्हणून बघायचो, ते मान हलवायचे, नाही. पुन्हा. नाही. शिटी वाजवून दाखवायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. ओठांचा चंबू केला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तोंडातून वारा येतच नाही. ते स्वतःशीच हसले. मला ते हसू बघवलं नाही.

कुणीतरी सुचवलं, जुन्या लग्नांच्या कॅसेट बघा, त्यांच्या चालींची ढब कळेल. मी तीन घरांतून तीन व्हिडिओ कॅसेट आणल्या. तिन्हींत अण्णा दिसत होते, अंतरपाटाशेजारी उभे, मान मागे टाकून तोंड उघडलेलं. आणि तिन्हींत व्हिडिओवाल्याने हौसेने त्यावर सनई चढवली होती. आम्ही चौघं बसून त्या बघत होतो. तिसरी कॅसेट आईने मध्येच बंद केली.

लग्नाच्या दिवशी हॉल भरलेला होता. मुलाकडचे पुण्याचे पाहुणे, आमची सगळी जुनी मराठी घरं. अण्णांनी फेटा बांधला होता आणि गळ्याला आईने शिवलेला पांढरा रुमाल. अंतरपाट धरला गेला. गुरुजींची मंगलाष्टकं झाली. एक लांबच्या मावशी परभणीहून आल्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं, ऐकूही कमी यायचं. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, आता तुमचं होऊ द्या की!" अण्णांनी मावशींना हात जोडले आणि माझ्याकडे बोट केलं.

मी म्हणायला लागलो. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात मी घाई केली. तिसऱ्यात आमच्या आजोळचं, माझ्या आजी-आजोबांचं काही होतं, ते कसंबसं निभावलं. मग शेवटचं आलं. नळाला पाणी आलं की, इथपर्यंत वाचलं आणि पुढे सूर कुठे न्यायचा ते कळेना. साधं वाचून टाकलं असतं तरी चाललं असतं, पण माझी नजर अंतरपाटापलीकडे धाकटीवर गेली. ती मान खाली घालून वाट बघत होती. आता चाल येणार म्हणून नाही. फक्त पुढचे शब्द यावेत म्हणून. मी ओळ पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथेच अडलो. ते कडवं नवं, कुणालाच माहीत नाही, त्यामुळे सावरून घ्यायला मांडवात एकही माणूस नव्हता. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात शेवटचा श्लोक सुरू केला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, अंतरपाट दूर झाला. अण्णांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या होत्या. आईने त्यांचा हात धरून त्या टाकायला लावल्या.

त्यांनी मला त्याबद्दल कधी काही लिहिलं नाही. त्यानंतर ते पाच वर्षं जगले. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्रही मी आणलं. त्यातून शब्द निघायचे, सगळे एकाच सुरात, डब्यात बोलल्यासारखे. त्यावर ते भाजी घ्यायचे, रिक्षावाल्याशी वाद घालायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, ते शेवटचं कडवं..." त्यांनी यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाले, "यात चाल येत नाही रे."

धाकटी आता पुण्यात असते. तिची मुलगी कॉलेजात जाते आणि आमचं मराठी ऐकून हसते. वर्षातून दोनतीनदा, काही निमित्त नसताना, धाकटीचा फोन येतो. इकडचं तिकडचं झालं की ती विचारते, "दादा, ते शेवटचं कडवं कसं होतं रे?" कागद माझ्याकडे आहे. मी तो काढतो, चष्मा लावतो आणि वाचायला लागतो.

"वाचू नकोस ना," ती म्हणते. "म्हण."

मला चाल येत नाही हे तिला माहीत आहे. तरी ती बराच वेळ फोन कानाला धरून थांबते.